खुर्चीवर बसवलेली पेटी

"मी वाजवतोय हे कुणाला कळलं नाही तरी चालंल. पण मी थांबलो, तर कळलं पाहिजे."

हिंदुराव हे कुठंही बोलायचा. पारावर बोलायचा, लग्नाच्या मांडवात बोलायचा. पाठीच्या ऑपरेशनच्या वेळी टेबलावर आडवा पडून त्यानं भूल देणाऱ्या बाईंनाही हे ऐकवलं. त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही थांबलात तर सगळ्यात आधी आम्हालाच कळेल."

लोणी काळभोरात हिंदुरावचं घर उसाचं आणि कांद्याचं. त्या घरात हा एकटाच चार जाड तारांच्या गिटारीला लागला. बेस गिटार. तिचा आवाज असा, की कानाला कळायच्या आधी छातीला कळतो. शिकवणारं कुणी नव्हतं. रेडिओला कान लावून, गाण्याच्या तळाशी काय चाललंय ते ऐकत हा शिकला. पुढं पुण्यातल्या सुदर्शनच्या वाद्यवृंदात गेला आणि तिथंच त्याचे केस पिकले. लावण्या, कोळीगीतं, जुनी सिनेमाची गाणी. गाणारे बदलले, नाचणाऱ्या बदलल्या. मागच्या कोपऱ्यात हिंदुराव तोच राहिला.

त्याचा ॲम्प्लिफायर म्हणजे एक काळं धूड होतं. आम्ही त्याला पेटी म्हणायचो. दोन्ही बाजूंना कड्या होत्या. एक त्याच्या हातात, दुसरी माझ्या. गावातून टेम्पोत, टेम्पोतून स्टेजवर. ती फळ्यांवर आदळली की धूळ उडायची आणि कोपऱ्यात उभी ऋतुजा, आमची लावणीवाली, म्हणायची, "आली माझी पेटी." आम्ही हसायचो. तिची कशी?

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं, भरल्या कळशीपेक्षा जड काही उचलायचं नाही. मी म्हणालो, "मी आहे की दुसऱ्या कडीला." हिंदुराव म्हणाला, "एका कडीवर पेटी उचलत न्हाई, गड्या."

मग सुदर्शनचा फोन आला. सुदर्शन तसा वाईट माणूस नाही, पण पुण्याचा आहे. गोड बोलतो आणि गोडातच कापतो.

"हिंदुरावकाका, तब्येत जपा. आपला अनिरुद्ध कीबोर्डवर डाव्या हातानं बेस काढतो हल्ली. लोकांना फरक कळत नाही."

"लोकांना न्हाई कळायचा," हिंदुराव म्हणाला. "स्टेजवरच्यांना कळंल."

"मग संक्रांतीला कोथरूडला महिला मंडळाचं हळदीकुंकू आहे, दुपारचा कार्यक्रम. या तुम्ही. जमलं तर जमलं. नाही जमलं तर एक शाल देऊन सत्कार करू."

हिंदुरावनं फोन ठेवला. सत्कार म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होतं. शाल अंगावर पडली की माणूस कोपऱ्यातून उठतो आणि पुन्हा तिथं बसत नाही.

नारायण पेठेत एका जिन्याखाली वाद्यांचं दुकान आहे. तिथं हलकी पेटी बघायला आम्ही तिघं गेलो: हिंदुराव, त्याची बायको मैनावहिनी आणि मी. दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं.

"आपण घेणार आहात, की ऐकून जाणार आहात?"

"ऐकून घेणार आहे," हिंदुराव म्हणाला.

दुकानदारानं तीन ॲम्प्लिफायर पुढं ठेवले. पहिल्याचे दोन भाग होते, वर डोकं आणि खाली स्पीकर. आवाज दांडगा, पण दोन नग म्हणजे दोन फेऱ्या. दुसरा डब्याएवढा होता. हिंदुरावनं जाड तार छेडली तर तो कोंडलेल्या भुंग्यासारखा घुमला. "हा घरी सरावाला," दुकानदार म्हणाला, "लग्नात नेलात तर नवरदेवालाही ऐकू जायचा नाही." तिसऱ्यात सगळं एकत्र होतं. जुन्या अवजड लोखंडाऐवजी आत हलकं सर्किट, स्पीकरचं चुंबकही हलकं. मागं एक वायर जोडायची जागा, म्हणजे सभागृहाच्या मोठ्या स्पीकरनाही आवाज देता येतो. तरी स्टेजवरच्यांना ऐकू यायचं ते या पेटीतूनच.

हिंदुरावनं छेडलं. आवाज गोल आला, भरून आला. पण त्याचं तोंड काही उजळेना. "एवढ्याशा खोलीत माझं खोकणंबी गोल लागंल," तो म्हणाला.

तेवढ्यात मैनावहिनींनी पदर खोचला, पेटीच्या वरच्या मुठीला हात घातला आणि ती कमरेशी उचलून दुकानात एक चक्कर मारली. दुकानदार उभाच राहिला.

"कळशीपरीस हलकी हाय," त्या म्हणाल्या. "हीच घ्या."

घरी आल्यावर नव्या पेटीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. वाद्य म्हणजे देव. त्याला पाय लागता कामा नये, हे आमच्याकडं शिकवावं लागत नाही. जुन्या धुडाला उचलून कुठं ठेवणार, म्हणून ते बिचारं आयुष्यभर जमिनीवर राहिलं. ही हलकी होती. वहिनींनी बजावलं, "तिथं बायकांच्या पायांत ठिवू नका. वर ठिवा, मानानं."

कोथरूडच्या सभागृहात आम्ही मानानंच ठेवली. मी मागून एक गादीची खुर्ची आणली, हिंदुरावनं तिच्यावर आपलं उपरणं चौघडी करून घातलं आणि पेटी वर बसवली. एखाद्या पाहुण्यासारखी ती बसली. सुदर्शननं बघितलं. "अरे वा, अध्यक्ष आले," तो म्हणाला.

पडदा उघडला. समोर साड्या, गजरे, तिळगुळाच्या पुड्या. मी बाजूच्या पडद्याआड उभा. पहिलं गाणं कोळीगीत. हिंदुराव वाजवत होता, मला त्याची बोटं दिसत होती. पण आवाज कसा अधांतरी होता. ऋतुजाचा पाय दोनदा ठोक्याआधी पडला. बाहेरच्या बायकांना ते कळलं नसेल. सुदर्शनला कळलं. त्यानं अनिरुद्धकडं बघून डावा हात जरा वर केला. अनिरुद्धचा डावा हात कीबोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर जाऊन बसला.

हिंदुरावनं पेटीचं बटण फिरवलं. आवाज वाढला आणि फुगला. गाणाऱ्या बाईंनी कपाळाला आठी घालून मागं पाहिलं. त्यानं निमूट तो कमी केला.

दुसरं गाणं सुरू झालं. मधल्या कडव्यात हिंदुरावनं एक गोष्ट केली, ती मीच पाहिली. त्यानं तारेवरून बोटं उचलली आणि हात मांडीवर ठेवला. तो थांबला.

कुणीच मान वळवली नाही. गाणं चालत राहिलं. अनिरुद्धचा डावा हात चालत राहिला. मला आत जाऊन त्याच्या खांद्याला धरून हलवावंसं वाटलं, पण पडद्याआडचा माणूस स्टेजवर जात नसतो.

गाणं संपलं. टाळ्या. निवेदिका तिळगुळाचं काहीतरी बोलायला पुढं गेली. पुढची ऋतुजाची लावणी, आणि सुदर्शन हिंदुरावच्या कानाशी वाकला. मला ऐकू आलं.

"काका, ही झाली की विश्रांती घ्या. शाल आणलीय मी."

ऋतुजा घुंगरांची गाठ घट्ट करत तिथंच बसली होती. ती वर न बघताच म्हणाली, "काका, आज तुमचं काही पायात येत नाहीये."

"पायात?"

"मी तुम्हाला कानानं कधी ऐकते? घुंगरांत काय ऐकू येतंय! फळीतून तळव्याला लागायचं. आज फळी गप्प आहे. मेलीय जशी."

हिंदुरावनं फळीकडं पाहिलं. मग खुर्चीकडं, तिच्या गादीकडं, चौघडी घातलेल्या उपरण्याकडं. पेटीच्या माथ्यावर वहिनींनी लावलेलं कुंकू अजून ठसठशीत दिसत होतं.

निवेदिकेचं बोलणं संपत आलं होतं. "आणि आता..." ती म्हणाली.

हिंदुराव उठला. त्यानं पेटीला हात लावून तो कपाळाला लावला. ओठ हलले, कुणाची माफी मागितली, पेटीची का वहिनींची, मला ठाऊक नाही. मग गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून, जशी विहिरीवर कळशी टेकवतात तशी त्यानं ती ऋतुजाच्या पायांजवळ, उघड्या फळीवर ठेवली.

ढोलकी कडाडली. आणि हिंदुरावची पहिली तार माझ्या तळव्यांना लागली.

मी पडद्याआड, अनवाणी उभा होतो. खरं सांगतो, इतकी वर्षं मी ती जुनी पेटी वाहिली, पण ती काय करते हे मला त्या दिवशी कळलं. फळ्यांखाली मोट चालावी तसं काहीतरी चालू झालं. ऋतुजानं पहिला पाय टाकला तो थेट ठोक्यावर. तिचे खांदे सैल झाले. ढोलकीवाला हसला. अनिरुद्धनं एकदा खाली, एकदा हिंदुरावकडं बघितलं आणि डावा हात उचलून मांडीवर ठेवला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटच्या आवर्तनाच्या आधी हिंदुरावनं पुन्हा बोटं उचलली, एका ठोक्यापुरती.

ऋतुजानं गर्रकन मान वळवली. डोळे असे, की जीवच घेईल. हिंदुरावनं ताबडतोब तार छेडली आणि दात दाखवले.

कार्यक्रम संपला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. शालीची पिशवी सुदर्शनच्या हातात तशीच. तो घसा खाकरत आला.

"पुढच्या रविवारी चिंचवड," तो म्हणाला. "आणि अध्यक्षांना आता खुर्ची नको ना?"

"खुर्ची न्हाई," हिंदुराव म्हणाला. "फळी चांगली बघून ठिवा."

मी सवयीनं पेटीकडं वाकलो. दुसरी कडी शोधत माझा हात नुसताच फिरला. या पेटीला एकच मूठ होती.

"तू खुर्ची देऊन ये माघारी," हिंदुराव म्हणाला. "मी हडपसरची बस धरतो. वहिनीला तुझ्या सांगू नको, कुठं ठिवली ते. माझं मी सांगंन."

त्यानं गिटार पाठीला लावली, उपरणं खांद्यावर टाकलं आणि पेटी उजव्या हातात घेऊन सभागृहाच्या पायऱ्या उतरला. मधे एकदा थांबून त्यानं हात बदलला. फाटकातून तो बाहेर पडला, रिक्षांच्या गर्दीत जरा तिरका होत, ज्या बाजूला ओझं त्याच्या उलट झुकत चालत राहिला. पायऱ्यांवर ऋतुजा घुंगरं हातात घेऊन उभी होती. तिच्या मागं मी होतो, खुर्ची धरून.

"तुम्ही नाही गेलात बरोबर?" ती म्हणाली.

"त्या पेटीला दुसरी कडी नाही," मी म्हणालो आणि खुर्ची उचलून आत वळलो.