आधी समोरच्याची बाजू

आमच्या वकीलमामांइतका न्यायी माणूस गोदावरीच्या या काठाला झाला नाही. दुसऱ्या काठाला कुणी झाला असताच, तर त्याची वकिली आधी मामांनीच केली असती. समोरच्याची बाजू स्वतःच्या तोंडानं मांडल्याशिवाय आपली मांडायची नाही, हा त्यांचा बाणा. उदगीरच्या कोर्टात मामा उभे राहिले की विरुद्ध पक्षाचा वकील खुशाल चहाला निघून जाई. त्याचं काम मामाच करत, आणि त्याच्याहून नेटकं करत. देगलूरचा एक अशील तर ते ऐकून भर कोर्टात घेरी येऊन पडला. त्याला वाटलं, आपला वकील फितूर झाला. तोंडावर पाणी मारून त्याला बसवेपर्यंत मामा शांतपणे म्हणाले होते, "हे झालं त्यांचं. आता आमचं ऐका." आणि मग स्वतःच रचलेला किल्ला त्यांनी असा पाडला, की भिंतीवरची पालसुद्धा बाजू बदलून समोरच्या भिंतीवर गेली.

मुलगी बघायला गेले तेव्हाही, ही मुलगी आपल्याला का देऊ नये, हे त्यांनी होणाऱ्या सासऱ्यांना आधी समजावून सांगितलं. सासऱ्यांना ते इतकं पटलं की ते पुढ्यातल्या पोह्यांच्या बशा परत उचलायला निघाले. मामी अजून सांगते, "मग ह्यांची बाजू मलाच मांडावी लागली, दाराआडून. न्हाईतर चाकूरच्या एखाद्या मास्तराच्या घरी सुखात असते की."

असा माणूस लोकांनी दिल्लीला धाडला नसता तरच नवल. पक्ष लहान, खासदार एका जीपमध्ये मावतील एवढे. संसदेत त्यांचे नेते मामा. त्याच सुमारास लातूर नवा जिल्हा झाला, आमच्या गावानं गुलाल उधळला, आणि लगेच असा दुष्काळ पडला की तो गुलाल धुवायलाही पाणी राहिलं नाही. टँकर जुन्या जिल्ह्याकडे मागावा तर म्हणत, तुम्ही आता आमचे नाही. नव्याकडे मागावा तर, तुम्ही अजून नीट आमचे झालेला नाहीत. मामी गावातच राही. इतर बायांसारखी तीही आडात उतरून वाटीवाटीनं घागर भरी. शेवटी मामांनी गावाला शब्द दिला, संसदेत बोलतो, दिल्लीचा दट्ट्या बसला की दोन्ही कलेक्टर टँकर घेऊन पळत येतील.

मामा बोलणार होते त्या संध्याकाळी अख्खं गाव आमच्या रेडिओला चिकटलं. बातम्यांत सांगितलं, की विरोधी पक्षाच्या एका नेत्यानं दुष्काळातल्या सरकारच्या अडचणी सविस्तर मांडल्या आणि मंत्र्यांनी त्यांचे आभार मानले. आम्ही 'आता आमचं ऐका'ची वाट बघत बसलो. रेडिओवर बाजारभाव लागले. लहान पक्षाला वेळही लहान मिळतो. मामांची पहिली बाजू संपली तेव्हाच वेळ संपल्याची घंटा वाजली होती. उदगीरला अशा वेळी पुढची तारीख पडते. दिल्लीत पुढचा वक्ता उभा राहिला.

नांदेडला रेल्वेतून उतरून मामा एसटीनं गावात आले, ते थेट आडापाशी. लोक चिडलेले होते, पण कुणाला तोंड उघडावं लागलं नाही. सवयीनं मामांनीच गावाची बाजू मांडली, स्वतःविरुद्ध. हंबरणारी जनावरं, आडात उतरणाऱ्या बाया, फुकट गेलेला शब्द. असं बोलले की ज्यांना राग नव्हता त्यांनाही आला. मग थांबले. आम्ही सगळे त्या पुढच्या वाक्यासाठी कान देऊन उभे.

"आता तुमचं सांगा की," मामी म्हणाली. "का आताबी मीच बोलू?"

"नको," मामा म्हणाले. "वेळ संपला."

त्यांनी कोट काढून लिंबाच्या फांदीला अडकवला, मामीच्या हातातली घागर घेतली आणि आडात उतरले.

टँकर आला तो पावसाळ्यात, आणि आमच्याच चिखलात रुतला. आता घरोघरी नळ आहे, मामा नाहीत. त्यांची राहिलेली बाजू कशी रंगली असती, यावर पारावर अजून वाद होतो आणि दर वेळी ती आधीपेक्षा जोरदार होते. मी त्यात पडत नाही. मी मामीकडे जाऊन बसतो. नळाला पाणी आलं की ती घागर लावते, भरेपर्यंत रिकाम्या ओसरीकडे बघत बसते आणि मी तिथं नाहीच अशा सुरात म्हणते, "बोला आता. मी ऐकायलेय."