जुन्या राउटरमधून आलेला आत्याचा आवाज

जव्हारच्या माझ्या खोलीवर नवं कनेक्शन आलं, तेव्हा जोडणी करणाऱ्याने जुना राउटर काढून माझ्या हातात दिला. "भंगारात टाका सर. नाहीतर मागे पेनड्राइव्ह लावा. त्यातली गाणी सगळ्यांच्या फोनवर दिसतील."

"इंटरनेट नसलं तरी?"

"नसलं तरी. घरातल्या घरात निरोप पोचवायला बाहेरचं जग कशाला लागतं?"

मी तेच पुन्हा विचारलं, तेव्हा तो हसला. याच राउटरवर मी पदवीचे फॉर्म भरले होते आणि निकालही पाहिला होता. आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर, त्यामुळे त्याला भंगारात टाकायला हात धजला नसताच. पण पिशवीत भरला तो दुसऱ्याच कारणाने. मला आत्याचा आवाज आठवला होता.

माझी आत्या धवलेरी आहे. आमच्यात लग्न लावते ती बाई. ती गाणी म्हणते आणि त्या गाण्यांनीच लग्न लागतं. ती एक ओळ म्हणते, मागे बसलेल्या बाया तीच ओळ उचलतात, आणि अशा मागे बसूनच पुढच्या धवलेरी तयार होतात. पण पाड्यातल्या तरुण बाया दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि लग्नं येतात उन्हाळ्यात. आत्याच्या मागची जागा रिकामी पडत चालली होती आणि तिचा घसाही दरवर्षी थोडा थोडा बसत होता. ती थांबली की गाणी थांबणार, हे सगळ्यांना कळत होतं. बोलत कोणी नव्हतं.

गेल्या उन्हाळ्यात मी एक अख्खं लग्न फोनवर रेकॉर्ड केलं होतं. ते कोणाला पाठवायचं म्हटलं तर खोडाळ्याच्या पुढे, आमच्या पाड्यावर, रेंज नाही. दिवाळीनंतर मी राउटर घेऊन पाड्यावर पोचलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी बायांचा ट्रक भट्टीकडे निघणार होता.

त्याच दुपारी आत्याच्या ओट्यावर राउटर लावला आणि मागे त्या रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह खोचला. हिरवा दिवा लागला. बाया फोन घेऊन जमल्या.

"इतका शिकला नि डबा घेऊन आला," शेजारची वहिनी म्हणाली.

"नाय तर काय, वर लिहून येते इंटरनेट नाय," तिच्या जावेने फोन माझ्यापुढे धरला.

"नाही म्हणू दे त्याला. तुम्ही जोडलेलं तोडू नका," मी म्हणालो.

मी काय लावणार आहे हे कळल्यावर आत्याने नागली पाखडणं थांबवलं. "लग्न नाय, मांडव नाय, नि लग्नाची गाणी? मी कधी म्हटली का अशी?"

हा नेम मी लहानपणापासून पाहिलेला. मांडवाबाहेर तिच्या तोंडून त्यातली एक ओळही कधी ऐकली नव्हती. बायांनी फोन मांडीवर ठेवले. आत्या सुपातल्या नागलीत बोटं फिरवत राहिली.

"म्हणायला मांडव लागतो," ती शेवटी म्हणाली. "ऐकायला नाय लागत. पण ओठ हलवायचा नाय कोणी."

बायांनी आपापल्या फोनवर अंगठा दाबला. सगळे अंगठे काही एका क्षणी पडले नाहीत. एका फोनमधून आत्याची ओळ सुरू झाली, लगेच मागून दुसऱ्यातून तीच, मग तिसऱ्यातून. मला वाटलं बिघडलं. बंद करायला मी हात पुढे केला, तर आत्याने माझं मनगट धरलं.

"राहू दे. मागच्या उचलतात तसाच हाय हा."

खरंच तसंच होतं. पुढे एक आवाज, मागे तीच ओळ धरणारे आणखी आवाज, आणि सगळे तिचेच. बाया ओठ मिटून बसल्या होत्या. एकीचे डोळे भरून आले होते. मी त्या हिरव्या दिव्याकडे पाहत राहिलो. जगाशी त्याचा काही संबंध उरला नव्हता, आणि एवढं मोठं काम मी त्याला कधी करताना पाहिलं नव्हतं.

भट्टीकडे निघण्यापूर्वी सगळ्यांनी गाणी आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतली.

वैशाखात पुतणीचं लग्न निघालं. भट्टीवरून काही जणी त्यासाठी परत आल्या आणि आत्याच्या मागे बसल्या. अर्ध्यावर आत्याचा घसा बसला. मग मागून वहिनीने ओळ उचलली, तिच्यामागून बाकीच्यांनी. एकही शब्द चुकला नाही.

गाण्यात मध्येच एका ठिकाणी त्या सगळ्या एकदम थांबल्या. आत्या चमकून माझ्याकडे बघायला लागली. रेकॉर्डिंगमध्ये तिला तिथे ठसका लागला होता. तेवढा ठसक्याचा वेळ सोडून त्यांनी पुढची ओळ धरली.