आधी पोच, मग पाना

पद: क्षेत्रीय समन्वयक, थकबाकी विभाग. वय चाळिशीपुढे, बांधा भरीव, वर्तन समाधानकारक. ग्राहकांशी थेट संपर्काचा दीर्घ अनुभव. कार्यालयीन साहित्य: मोटरसायकल एक, लोखंडी पाना एक. या दुसऱ्या साहित्यामुळे सगळे त्याला पानाच म्हणत. रागात असली की बायकोसुद्धा.

व्याजाने पैसे देणाऱ्या त्याच्या शेठची एक पद्धत होती. ज्या कर्जाची वसुली ज्याच्याकडे, त्यानंच त्या कर्जाला जामीन राहायचं. "नाहीतर तुम्ही लोक जीव ओतून काम करत नाही," शेठ म्हणायचा. शेठ बोट ठेवील तिथे पाना सही करायचा. एका सुताराच्या कर्जापायी त्यानं आपल्या दोन खोल्या लिहून दिल्या होत्या. पुढच्या खोलीत बायको शिवणकाम करायची. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यालाही फारसं नव्हतं.

कराराच्या शेवटच्या दिवशी शेठच्या वकीलबाईंनी त्याच्या हातात एक कागद ठेवला.

"ही मागणी. सुताराच्या हातात द्यायची आणि पोच म्हणून त्याची सही आणायची. आजच."

"बाई, दोन वर्षं मागतोच आहे की मी! मागच्या खेपेला बरगडी मोडली त्याची."

"कराराच्या भाषेत त्याला मागणी म्हणत नाहीत. लेखी मागितल्याशिवाय त्याचं देणं सुरूच होत नाही. सही झाली की पंधरा दिवसांत त्यानं फेडायचं. आज सही आली नाही, तर मागणी जामीनदाराकडे जाते. त्याला मुदत नाही आणि कारण विचारायचीही सोय नाही. मागितलं की द्यायचं."

"जामीनदार कोण?"

वकीलबाईंनी चष्म्यावरून नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

पाना घाबरला. आणि घाबरला की त्याला एकच काम सुचायचं.

सुतार शेडमध्ये दाराच्या फळीवर रंधा मारत होता. पानाने मागून त्याची मान धरली आणि तोंड फळीवर आपटलं. ओठ फाटला, भुशात रक्त आणि अर्धा दात पडला. सुतार उठू लागला तशी त्याच्या पोटात लाथ बसली. मग पानाने त्याचा उजवा हात ओढून बाकावर पसरला आणि लोखंडी पाना दोनदा खाली आणला. बोटं मोडल्याचा आवाज वाळक्या पट्ट्यांसारखा आला. धंद्यातला क्रमच तसा होता: आधी हात, मग बात. शेवटी त्यानं खिशातून कागद काढला.

"सही कर."

"कशावर?" सुतार कण्हत म्हणाला.

"मागणी आहे. पंधरा दिवसांत पैसे द्यायचेत."

सुतार रक्त थुंकला आणि चक्क हसला. "पंधरा दिवस? अरे भल्या माणसा, मग तोंड कुणी शिवलं होतं तुझं? दोन वर्षांत कुणी पंधरा मिनिटं दिली नाहीत मला! आण, पेन आण."

पेन बोटांत राहीना. पानाने ते सुतळीने बांधून पाहिलं. सुतार किंचाळला आणि कागदावर नुसता एक ओरखडा उठला. डाव्या हाताने केलेली सही शाळेत न गेलेल्या कोंबडीची वाटत होती. मग दोघांनी मिळून, जवळजवळ दोस्तासारखं डोकं चालवून, डाव्या अंगठ्याला रंग फासला.

वकीलबाईंनी तो कागद लगेच परत सरकवला. "करारावर आहे तशीच सही हवी. अंगठा बेशुद्ध माणसाचाही लावता येतो, आणि तुझ्याकडे बेशुद्ध माणसांचा तुटवडा नाही."

"बाई, हात मोडलाय त्याचा."

"कुणी मोडला?"



दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्याच हाताखाली तयार झालेले दोघे घरी आले. चपला बाहेर काढून आत आले. त्यातल्या मोठ्याने कागद शिलाई मशीनवर, अर्ध्या शिवलेल्या बाहीशेजारी ठेवला.

"दादा, आधी सही बरं का. शेठनी बजावून सांगितलंय."

"अहो, कसली सही?" बायकोने विचारलं.

पानाने सही केली. सही हुबेहूब आली.

मागणी रीतसर पोहोचली. पोच नोंदवण्यात आली. जामीनदाराने पूर्ण सहकार्य केले.

नंतर त्यांनी त्याचे दोन्ही गुडघे फोडले.