खंडेनवमीची गाडी

खंडेनवमीला चालत्या गाडीला खीळ घालायची, ही आमच्या सासरची रीत. सासऱ्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या फौजेची चाकरी. आदल्या दिवशी तलवारी-बंदुका खोलायच्या, पुसून तेल द्यायचं आणि नवमीला पूजेला मांडायच्या. मांडलेल्या शस्त्राला दसऱ्याची संध्याकाळ होईतो कुणी शिवायचं नाही. पुढे संस्थान गेलं, मध्य भारत झाला, फौज मोडली. घरातली तलवार थोरल्या पातीकडे गेली. मामंजी संस्थानच्या मोटारखात्यात होते, त्यांनी देपालपूरच्या रस्त्यावर डिझेलची एक बस घातली. शस्त्रं राहिली नाहीत, नवमी मात्र राहिली. तेव्हा पाटावर पाना, पेचकस आणि जॅक आले, आणि बंदुकीच्या जागी खुद्द बसचं इंजिन.

इंजिनही मग बंदुकीसारखं खोलायचं. डिझेल गाळणारा फिल्टर काढायचा, त्याचं भांडं घासलेटनं धुवायचं, आत नवं कापडी गाळणं बसवायचं. आता, फिल्टर उघडला की नळ्यांत हवा शिरते, आणि ती काढल्याशिवाय डिझेलचं इंजिन सुरूच होत नाही. हे मामंजींना कळत नव्हतं असं कोण म्हणेल? पण धुतलेलं शस्त्र लगेच चालवायचं नाही, म्हणून हवा काढायचं काम ते दसऱ्यावर ठेवत. झेंडूच्या माळा घातलेली ती बस इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवरीसारखी नटून उभी राही. मी नवी सून, मास्तरांची मुलगी. मला या प्रकाराचं हसू येई.

त्या वर्षी नवमीच्या सकाळी पूजा नुकतीच आटोपली होती. हे ड्यूटीवर महूला. एक धान्याचा ट्रक मंडीत माल टाकायला आला होता, त्यावर बसून माझ्या माहेरच्या शेजारचा माणूस देपालपूरहून आला. दारातूनच म्हणाला, "बाईजी, मास्साब की तबियत घणी बिगडी है. डाक्टर साब के रिया के तुरत इंदौर लई जाओ, पेट का ऑपरेशन होयगा."

बाबांच्या पोटात दोन दिवसांपासून दुखत होतं. तिथे ऑपरेशनची सोय नव्हती, आणि आडवं झोपवून आणायला बैलगाडीखेरीज काही नव्हतं. ट्रक माल उतरवून संध्याकाळशिवाय परत फिरणार नव्हता. आमची बस दारात होती. मी मामंजींकडे पाहिलं.

ते पाटासमोर बसले होते. पान्यावर ओलं हळदकुंकू, वर फूल. ते उठेनात. मला नवी सून असल्याचं भानच राहिलं नाही. मी म्हणाले, "मामंजी, माझे बाबा तिकडे तडफडतायत, आणि तुमचा देव पान्यात जाऊन बसलाय का?"

सासूबाईंनी दचकून माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता माझी धडगत नाही. त्या मात्र उठल्या, चिमूटभर अक्षता घेतल्या आणि मामंजींच्या हातावर ठेवल्या. "उत्तरपूजा करून टाका. अक्षता वाहिल्या की देव उठला."

"दसऱ्याआधी? आमच्याकडे कधी झालं नाही ते."

"वैरी दारात आल्यावर तुमचे आजे-पणजे दसऱ्याची वाट बघत बसत होते काय?"

मामंजींनी डोळे मिटले. त्यांच्याकडे आता दाखवण्यासारखं उरलं होतं ते हेच, आणि मी तेच मोडायला सांगत होते. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त त्यांचा राग येत होता, डोक्यात घण घातल्यासारखा. त्यांनी अक्षता वाहिल्या, नमस्कार केला आणि पाना उचलला. कुंकू पुसलं नाही.

क्लीनर सणाला गावी गेलेला. हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं खाली पंपाचा खटका हातानं वरखाली करायचा, दुसऱ्यानं फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून बघत राहायचं. मामंजी म्हणाले, "सूनबाई, पदर खोचा."

गल्लीतली माणसं बघत होती. सरदारी घराण्याची सून इंजिनात हात घालून उभी, म्हणजे त्यांचा दसरा एक दिवस आधीच आला होता. मी खटका हलवू लागले. आधी नुसतीच फुसफुस झाली. मग स्क्रूच्या कडेनं डिझेलचा फेस यायला लागला, ताकावर येतो तसा पांढरा. मी विचारलं, "आलं ना? करा आता बंद."

"बुडबुडे आहेत अजून. चालवत राहा."

माझा हात भरून आला. फेस जाऊन मोठे बुडबुडे आले, मग बारीक. "मामंजी, निघू या ना!"

"बारीक बुडबुडाच घात करतो, सूनबाई. आत्ता निघालो तर वाटेत रानात उभे राहू. मग कोण आणणार व्याह्यांना?" नंतर जरा मऊ आवाजात स्वतःशीच म्हणाले, "हवा को जाने दो. जल्दी मत करो."

शेवटी डिझेलची सरळ, स्वच्छ धार लागली. त्यांनी धार वाहती असतानाच स्क्रू आवळला. मग पुढच्या मोठ्या पंपावर तेच सगळं पहिल्यापासून. मी रडत होते आणि खटका हलवत होते. त्यांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही, आणि ते बरंच झालं.

इंजिन दोनदा गुरगुरून गप्प झालं आणि तिसऱ्यांदा लागलं. सासूबाईंनी घरातली गादी आणून बाकांवर अंथरली, उशी ठेवली. वाटेत गाडी कुठेही अडखळली नाही. झेंडूच्या माळा वाऱ्यानं तुटून एकेक करून गेल्या. मामंजी एवढंच बोलले. "देपालपूरला मी इंजिन बंद करणार नाही. नव्या गाळण्याचा भरवसा नाही. तुम्ही त्यांना घेऊन या, की लगेच फिरू."

घरात गेले तर बाबा शांत पडले होते. मला पाहून हसले. "अगं, दुखायचं थांबलं. उगाच धावत आलीस." मला इतका आनंद झाला की मीही हसले. मग डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की दुखणं असं एकाएकी थांबलं ते आत फुटल्यामुळे. नाडी जवळजवळ लागत नव्हती. आता हलवण्यात अर्थ नव्हता.

आई उशाशी बसून वारा घालत होती. तिला काही सांगितलेलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. मी बाबांचा हात हातात घेतला.

"कसला वास गं हा?"

"डिझेलचा, बाबा. गाडी घेऊन आलोय, तुम्हाला न्यायला."

"आज? नवमीला?" त्यांनी डोळे मोठे केले. सोयरीक ठरताना त्यांनीच मला सासरच्या रीती समजावून सांगितल्या होत्या, हसू नकोस म्हणून बजावलं होतं. "व्याह्यांनी गाडी काढली?"

"हो. बाहेर आहेत."

"बाहेर काय? चहा दिलास का त्यांना?"

मी नाही म्हणाले. "मग जा, आधी चहा दे. माणूस सण मोडून आलाय," बाबा म्हणाले. आयुष्यभर वर्गात बोलत तशा आवाजात. त्यांचं ऐकायची सवय होती म्हणून मी उठले, चुलीवर आधण ठेवलं, साखर घातली. बाहेर बसचं इंजिन एकसारखं धडधडत होतं. मी दूध ओतत असताना आतून आईचा आवाज आला. तो शब्द नव्हता.

मी धावत गेले नाही. का, ते मला सांगता येत नाही. मी चहा गाळला, कपात ओतला आणि कप घेऊन बाबा होते त्या खोलीतूनच बाहेर आले. मामंजी बसच्या दाराशी उभे होते. बाकावरची गादी त्यांनी नीट ओढून घेतली होती आणि उशी तोंडावर हवा येईल अशी खिडकीकडे सरकवली होती.

"व्याही?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला आधी चहा द्यायला सांगितलाय त्यांनी," मी म्हणाले आणि कप पुढे केला.

मामंजींनी दोन्ही हातांनी कप घेतला. तो सांभाळत ते गाडीत चढले आणि त्यांनी इंजिन बंद केलं.