साडू आणि काळूचा चढ

आमच्या साडूंइतका देवाला वेठीस धरणारा सायकलवाला अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही. माणूस मूळचा कुडाळचा, आता डोंबिवलीचा, पोस्टातून निवृत्त. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, ह्यांनी खडीच्या रस्त्यावर चालवायची जाड टायरची सायकल घेतली. मी म्हटलं, दादा, खडीसाठी मुरबाडच्या पुढे कशाला जायचं, तुमच्या दारातच आहे. तर अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "डोंबिवलीत सराव करायचा. मॅच काळूच्या घळीत."

ही घळ काळू नदीने कातळ कापून केलेली. दर रविवारी मी माझी सायकल टपावर बांधून ठाण्याच्या बाळकुमहून गाडी काढायची, साडूंना त्यांच्या सायकलीसकट उचलायचं आणि पठारावर गाडी लावून फेरा सुरू करायचा. आधी मुरमाचा उतार, तळाशी फरशी पूल, मग पलीकडे सुट्या खडीचा चढ, आणि वरच्या बंधाऱ्यावरून वळसा घालून परत. सकाळी नदीच्या कुंडातलं पाणी हिरवंगार दिसतं, कातळावर बगळे बसलेले असतात, पण साडूंचं लक्ष तिकडे नसे. एक तर ते देवाशी बोलत असत, नाहीतर चेनशी.

सायकलची तंग चड्डी घालून ते जिना उतरू लागले की आमच्या मेव्हणीबाईंचा हुकूम सुटे, निदान सोसायटीच्या गेटपर्यंत तरी वरून लुंगी गुंडाळा. ते गुंडाळत. एकदा सोडायला विसरले आणि अर्ध्या उतारावर चेनने लुंगी खाल्ली. तिथे येणारी तरुण सायकलवाली मंडळी शक्तीसाठी पुड्यांतलं काहीतरी चिकट चोखत, त्याला साडू दाढीचा साबण म्हणत आणि स्वतः डब्यातला तळलेला बांगडा काढत. परतीला माझ्या गाडीत तो वास बुधवारपर्यंत मुक्कामाला असे.

पण खरी गंमत गाऱ्हाण्याची. कोकणात कुठल्याही कामाआधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात, तसं हे उतार सुरू व्हायच्या आधी हेल्मेट काढून घालत. ओळख असो नसो, तिथल्या प्रत्येक सायकलवाल्याला रांगेत उभं करत. "बा देवा म्हाराजा, चेन सांभाळ रे म्हाराजा!" की आम्ही सगळे "व्हय म्हाराजा!" मग टायर, ब्रेक, गुडघे, रस्त्यावर खडी ओतून विसरून गेलेला ठेकेदार, आणि शेवटी माझी वाढती ढेरी. एवढ्या वेळात देवाचाही पाय अवघडत असेल.

आयुष्यात एकदा तो चढ पाय न टेकता चढायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. शेवटच्या वळणावर मात्र दर वेळी पाय टेकायचा. कधी चेन पडली, कधी खंड्या दिसला, कधी फोन वाजला. त्या घळीत नेटवर्कच नाही.

मग गुडघाच गेला. डॉक्टरांनी सांगितलं, बदलावा लागेल, आणि त्यानंतर चढ विसरा. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी आम्ही दोघेच गेलो. त्या दिवशी गाऱ्हाणं फक्त एका ओळीचं होतं, "म्हाराजा, आज एकदाच."

ते चढू लागले. मी मागे. शेवटचं वळण आलं, सायकल डुलू लागली, आणि मला राहवेना. मी साताऱ्याचा, तरी माझ्या मालवणीत ओरडलो, "बा देवा म्हाराजा, ह्या दादांका वर पोचव रे म्हाराजा!" साडू एवढे हसले की पाय टेकला.

"अरे, घाट्याचा गाऱ्हाणा ऐकान देव पळालो," असं म्हणून ते खडीतच बसले. हसणं ओसरल्यावर उरलेल्या चढाकडे बराच वेळ बघत राहिले. मला म्हणाले, तू जा वर, मी चालत येतो. मी गेलो नाही. इतकं वाईट मला त्यांच्यासाठी कधीच वाटलं नव्हतं.

आता ते काठी घेऊन सोसायटीच्या आवारात फिरतात, लुंगी नेसून, हुकुमाशिवाय. रविवारी मी पठारावर पोचलो की फोनवरून गाऱ्हाणं घालतात, आणि मी एकटाच "व्हय म्हाराजा" म्हणतो. मग उतरतो, पूल ओलांडतो, चढू लागतो. शेवटच्या वळणावर माझ्यात दम उरलेला असतो, पायही दुखत नसतात. तिथे मी पाय टेकतो आणि सायकल हातात धरून चालत वर जातो.

संध्याकाळी फोन येतो, "गेलस वर?"

मी म्हणतो, "नाही हो दादा. चेन पडली."

"तेल घाल तिका," ते म्हणतात, आणि भलतेच खूश होऊन फोन ठेवतात.