पाय न टेकता

आमचे आडवे काका पुण्याच्या रस्त्यांवरून पाठ टेकून, जवळजवळ उताणे पडून सायकल चालवत. चाकं दोनच, पण बैठक आरामखुर्चीसारखी, जमिनीपासून हातभर उंच, आणि पेडल पुढच्या चाकाच्याही पुढे. मणका सरकल्यावर डॉक्टरांनी त्यांना सायकल बंद करायला सांगितलं होतं. काकांनी फक्त ताठ बसणं बंद केलं. भोसरीच्या एका कारखान्यात ते फिटर होते. तिथे संगणकावर चालणारी यंत्रं आली तेव्हा त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि बिबवेवाडीतल्या घराच्या गच्चीवर दोन जुन्या सायकली कापून ही तिसरी उभी केली, म्हणजे आडवी केली.

सिग्नलला माणसं गंमत बघत. एकदा स्वारगेटला एका स्कूटरवाल्याने विचारलं, "काका, झोपून कुठे निघालात?" काका म्हणाले, "तुम्ही ऑफिसात पोचून झोपता, मी वाटेतच उरकतो."

मी अकोल्याचा. हिंजवडीत नोकरी लागली, हातात पैसा आला, तशी मी एकवीस गिअरची परदेशी सायकल घेतली आणि काकांच्या रविवारच्या सायकल-गटात शिरलो. काका लहानथोर सगळ्यांना अहो-जाहो करत. माझ्या सायकलभोवती एक फेरी मारून म्हणाले, "छान आहे. आता चालवणाऱ्यालाही गिअर बसवून घ्या." मला राग आला होता, पण पुढच्या रविवारी मी त्यांच्याच शेजारी चालवत होतो.

गटात एक पद्धत होती. सर्वांत मागे राहणाऱ्याला आम्ही शेपूट म्हणायचो. शेपटाने कोणालाही मागे टाकायचं नाही, कोणी पडला, थकला तर थांबायचं. हे काम कायम काकांकडे असे. चढावर आडव्या सायकलीला वेग नसतो, पेडलवर उभं राहून जोर लावता येत नाही. भर चढावर एकदा पाय टेकला की पुन्हा सुरुवात होत नाही, उतरून ढकलत न्यावी लागते. खडकवासल्याच्या पुढचा पाबे घाट पाय न टेकता चढायचा, एवढं एकच काकांच्या मनात होतं. तीनदा प्रयत्न झाले, तीनदा पाय टेकला.

चौथ्या वेळी, एप्रिलमध्ये, त्यांनी निघतानाच सांगितलं, "आज शेपूट दुसऱ्या कोणाला तरी द्या. पुढच्या महिन्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. त्यानंतर घाट बंद." मी हात वर केला. ऑफिसातल्या माझ्या टीममधली दोन पोरं त्या दिवशी गटात होती, त्यांच्यासमोर जरा मिरवायचंही होतं.

काकांचा नियम होता, तहानेच्या आधी पाणी आणि भुकेच्या आधी गूळ-दाणे. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं आणि पाण्याची बाटली खानापूरलाच संपवली होती. घाटात बाकीचे लांब पुढे गेले. माझ्यापुढे पन्नास पावलांवर काका एका लयीत पेडल मारत होते. वर दोन वळणं उरली असतील, तेवढ्यात माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सायकलसकट आडवा झालो.

आडव्या सायकलीवरून मागे वळून बघता येत नाही, म्हणून काकांनी हँडलला आरसा लावला होता. त्यात त्यांना मी दिसलो. शेपटाच्या मागे कोणी नसतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? त्यांनी पाय टेकला. सायकल कठड्याला लावून चालत खाली आले, मला सावलीत ओढलं, साखर-मिठाचं पाणी पाजलं. मला बोलता यायला लागल्यावर मी म्हणालो, "काका, तुमचा घाट..."

"घाट कुठे जात नाही. तुम्ही जाल. प्या ते."

उरलेली दोन वळणं आम्ही सायकली ढकलत चढलो. पलीकडे गावात मंडळी एका घराच्या ओसरीवर पिठलं-भाकरी खात होती. वाढणाऱ्या मावशी काकांची सायकल बघून म्हणाल्या, "बाबा, ह्याच्यावर निजून घाट चढलाव व्हय?" कोणीतरी विचारलं, "काका, जमला?"

"नाही. दोन वळणं राहिली. गुडघे बोलायला लागले."

मी खाली मान घालून पिठलं खात राहिलो. माझी ती दोन पोरं समोर बसली होती. मला तेव्हाच लाज वाटली होती, आणि तरीही मी बोललो नाही.

ऑपरेशननंतर काका सपाट रस्त्यावरच, खडकवासला धरणापर्यंत जाऊन परत येत. मी अधूनमधून रविवारी त्यांच्या घरी डोकावायचो. काकू पोहे करायच्या, काका माझ्या चेनला तेल घालायचे. अशी सात वर्षं गेली आणि एका सकाळी काका गेल्याचा फोन आला.

शोकसभेला गटातले सगळे जमले होते. एकजण आपुलकीनेच म्हणाला, "पाबे मात्र काकांना शेवटपर्यंत जमला नाही." मी उठलो आणि त्या दिवशी काय झालं ते सगळं सांगितलं.

निघताना काकूंच्या पाया पडलो आणि म्हणालो, "काकू, हे मी आधीच सांगायला हवं होतं."

"त्यांनी त्याच संध्याकाळी सांगितलं होतं मला," काकू म्हणाल्या. "म्हणाले, मुलगा सरळ आहे, येईल एक दिवस आणि सांगेल. तुम्ही आलात की मी मुद्दाम आत जाऊन बसायचे, म्हणजे तुम्हाला त्यांच्यापाशी बोलता यावं."