उसना वर्ग

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला इंग्रजी वाङ्मय घेतलेल्या आम्ही दोघीच होतो. दुसरी मुकुटबनहून एसटीने यायची. दिवाळीनंतर तिचं लग्न ठरलं आणि ती यायची बंद झाली. मग मी एकटी.

दहावीपर्यंत मी यवतमाळला इंग्रजी शाळेत शिकले. बाबांची बदली या तालुक्याच्या गावी झाली, मुलीला होस्टेलवर ठेवायचं नाही असं घरात ठरलं, म्हणून हे कॉलेज. इथे माझं नाव 'कॉन्व्हेंट'. "सरका वं, कॉन्व्हेंट आली," म्हणत मुली बाकावर जागा करायच्या आणि मग माझ्याशी बोलायच्या नाहीत. मीही बोलत नसे. इंग्रजीच्या त्या एका तासाला मात्र मी तोंड उघडायचे. सर तासिका तत्त्वावर नेमलेले होते, तरी एकटीला शिकवतानाही उभे राहायचे.

पुढच्या वर्षी हा तास राहील का, एवढीच मला काळजी होती.

हिवाळ्यात कॉलेज तपासायला बाहेरून कमिटी येणार होती. प्रिन्सिपलनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बेटा, इंग्रजीचा वर्ग भरलेला दिसला पाहिजे. बारावीच्या पोरी देतो, त्यांना चार वाक्यं शिकव. पुढच्या वर्षी तू एकटी असलीस तरी तास होतील. माझा शब्द."

लग्नघरी शेजारच्या खुर्च्या आणतात, तशा आमच्याकडे कमिटीच्या दिवशी बारावीच्या मुली आणतात. कुणाला त्यात काही वाटत नाही.

मी शिकवायला लागले. "ताई, जीभच वळत नाही वं," एक उंच मुलगी म्हणाली. "तोंडात तंबाखूचा खर्रा धरल्यावानी कायले बोलतं मंग?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळा वर्ग हसला. मीही हसले. त्या कॉलेजात पहिल्यांदाच. आठवडाभर त्या उंच मुलीने माझी पाठ सोडली नाही. शेवटी ती एक अख्खी इंग्रजी कविता न अडखळता म्हणू लागली.

कमिटी आली तेव्हा मुली एकेक उठून छान बोलल्या. कमिटीतल्या मॅडमनी मला विचारलं, पुढे काय करणार? मी म्हणाले, इंग्रजीत एम.ए. तेवढंच एक वाक्य कुणी शिकवलेलं नव्हतं. मॅडमनी मान हलवली. कुणीतरी फोटो काढला.

जूनमध्ये टाइमटेबल लागलं. त्यात इंग्रजी वाङ्मय नव्हतं. सरांना पुन्हा नेमलंच नव्हतं. मी केबिनमध्ये गेले.

"विषय आहे ना बेटा, तास फक्त नाहीत," प्रिन्सिपल म्हणाले. "एका पोरीसाठी सर कुठून आणू? गाईड घे, परीक्षा दे. इंग्रजी तर तुला येतंच!" समोर बसलेले दोन प्राध्यापक हसले.

तुम्ही शब्द दिला होता, हे वाक्य माझ्या मनात आधी इंग्रजीत तयार झालं. मराठीत येईपर्यंत ते फोनवर बोलायला लागले होते. मी बाहेर आले. दार हळूच लावून घेतलं, आवाज होऊ नये म्हणून. त्या दाराचा मला अजून राग येतो.

गेटवर प्रवेशाचा मोठा फ्लेक्स लागला होता. त्यावर तो भरलेला वर्ग होता. पुढे फळ्याजवळ मी, बोलता बोलता तोंड उघडं राहिलेली. एम.ए. म्हणतानाचीच असणार.

पहिला आठवडा संपत आला तेव्हा ती उंच मुलगी मला जिन्यात भेटली. बारावी पास होऊन तिने बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय घेतलं होतं. हातात नवी वही होती.

"ताई, तीन दिवस झाले शोधून राह्यली. आपला इंग्रजीचा वर्ग कुठं भरते?"

"फ्लेक्सवर," मी म्हणाले.

ती हसली. गंमत आहे असंच तिला वाटलं. मग माझ्याकडे पाहत, मी खोली कुठली ते सांगेन म्हणून वाट बघत राहिली.